सुळकरांचा ढोल

२१ नोव्हेंबर
आबांनी आज सुळे घासू दिले नाहीत. मी कानस घेऊन बसले तर तोंड फिरवून घेतलं. दर अमावस्येनंतर घासायचे, हे ठरवलं त्यांनीच. वारेच्या किनाऱ्यावर लढाई हरल्यावर, गावासमोर, गुडघ्यावर बसून. सुळे बोथट ठेवायचे, युद्धाच्या ढोलाचं कातडं काढून टाकायचं, टोळीने मिळून किनाऱ्यावर उतरायचं नाही. त्यावर जीव वाचला, राहायला हा कातळाचा सडा मिळाला आणि 'सुळकर' हे आडनाव. आपसात आम्ही अजून ग्राखच. शाळेतली पोरं मोबाइलवर बघून ऑर्क म्हणतात.

म्हटलं, "आबा, गावातलं कोणी बघेल."
"बघू दे. मरणाऱ्याच्या तोंडात कोण बघतंय."
पेज तशीच राहिली.

२३ नोव्हें.
जेटीवर बर्फ उतरवला. बोटी लवकर परतल्या. बोटीवरचा तांडेल सांगत होता, जाळी कापून येतायत. माशाने फाडलेली नाहीत, सरळ कापलेली. बोलताना माझ्याकडे बघायचं टाळत होता.

शेवंतीमावशी मासे निवडत होती. म्हणाली, "तोंडावर सांगतंय म्हणून राग मानू नको हां उर्गा. लोक तुमच्यावर संशय घेतायत."
"आम्ही कुठे पाण्यात उतरतो, मावशी?"
"मला म्हायत आहे गो. त्यांना कोण सांगणार?"
निघताना रोजच्यासारखे बांगडे पिशवीत टाकले. पण आज हसली नाही.

मावशीचे वडील वारेच्या लढाईत गेले. आमच्यातल्याच कोणाच्या तरी कुऱ्हाडीने. एकदाच बोलली होती, सुरमई कापता कापता. नंतर कधी नाही. मीही विचारलं नाही, कोणाच्या.

२६ नोव्हें.
आऱ्याच्या किनाऱ्याला गलबताची फळी लागलीय. काळी, डांबर लावलेली, कडेला सुळ्यांची खूण कोरलेली. सकाळपासून सगळ्यांच्या फोनवर तोच फोटो. आबांना दाखवला. बोट काचेवरून फिरवलं, जसं लाकूडच हाताला लागतंय.
"नवीन आहे," म्हणाले.
"आपली गलबतं तर जळली ना?"
"आपली जळली."
आबा डोळे मिटून पडून राहिले. मी फोटो पुसून टाकला. काय उपयोग.

२८ नोव्हें.
खग्रा आला मुंबईहून. फोन नाही, काही नाही. माझा सख्खा भाऊ, आणि अंगणात उभा राहिला तर क्षणभर ओळखलंच नाही. तिकडे कुठल्याशा हॉटेलच्या दारात उभा असतो, पाहुणे त्याच्यासोबत फोटो काढतात. सुळे घासत नाही, मालकालाच लांब हवेत. आबांच्या पायाशी बसला. दुपारी बघते तर मागच्या अंगणात म्हशीचं कातडं भिजत घातलेलं.
"हे कशाला?"
"ढोल असा उघडा बरा दिसत नाही."

१ डिसें.
आज आबा बोलले. सलग, खूप दिवसांनी.

नायकाने बाजेवर मरायचं नाही. समुद्राकडे तोंड, आणि पुढचा नायक जो कोण त्याचा हात गळ्यावर, श्वास थांबेपर्यंत. ज्याचा हात, त्याची टोळी. आबांनी स्वतः केलंय. इथे उतरण्याआधी, गलबताच्या पुढच्या टोकावर, नाळेवर, स्वतःच्या बापाला. "तो माझ्याकडे बघत होता. शेवटपर्यंत बघत होता."

मला वाटलं होतं ही चाल गलबतांबरोबर जळून गेली. बाकीचं सगळं वाकवलंच की आम्ही. बळीला माणसाच्या जागी कोंबडा आला, कोंबड्याच्या जागी नारळ. शिमग्याला गावच्या होळीचं झाड खांद्यावर आणतो. पावस गावच्या बागायतदारांना आम्ही लागतोच, आमच्या वासाने वानर आंब्याच्या कलमांवर येत नाहीत. म्हटलं, "याचाही नारळ करू आबा."
"याचा होत नाही."
मग हळूच, "खग्राला करू देऊ नकोस. तो त्या गलबतांना हाक मारील. तू कर."
मी वाळत घातलेले कपडे काढायला बाहेर गेले. ओलेच होते. तरी काढले.

२ डिसें.
कामावर गेले. काही नाही.

४ डिसें.
ख.शी भांडण. विहिरीवर, सगळ्या बायकांसमोर.
"जन्मभर दुसऱ्याच्या बागेतली वानरं हाकलायची? ते आपलेच आहेत, उर्गा. आपल्याला न्यायला येतायत."
"न्यायला की जमीन घ्यायला? इथल्यांचं काय? मावशीचं काय?"
"तुझी मावशी तुला घरात घेते?"
मावशी ओटीवर बसवते. चहाचा कप वेगळा, कान तुटलेला. इतकी वर्षं तोच कप, आणि मला तो माझा वाटत आलाय.

संध्याकाळी ढोलाला कातडं चढलं. अजून वाजवलेला नाही. नायकाच्या हुकमाशिवाय वाजत नाही, एवढं ख. मानतो. आबांच्या बाजेभोवती फिरत राहतो, गिधाड फिरतं तसा. तरणी पोरं त्याच्या मागे. त्यांच्यातल्या किती जणांनी या महिन्यात कानस हातात धरली नाही, ते मी बघायचं टाळते.

७ डिसें.
झालं.

सकाळपासून आबांचा श्वास अडकत होता. बागायतदाराचा टेम्पो मागून घेतला. आंबे नेतात त्यात पेंढा टाकून त्यांना निजवलं. वारेला उतरलो सगळे. सगळी टोळी. करार तिथेच मोडला. वर रस्त्याच्या वळणावर गाव जमलं, खाली कोणी आलं नाही. पोलिसांची जीपही वरच थांबली.

दुपारचं ऊन. समुद्र अगदी सपाट. ख. पुढे झाला. आबांनी माझं मनगट धरलं. इतकी ताकद कुठून आली कळलं नाही. माझा हात त्यांनीच गळ्यावर ठेवला. कातडी गार होती, आणि खाली शीर उडत होती, अजून उडत होती.

मी दाबलं की नुसता हात ठेवला, हे कोणी विचारणार नाही. मला ठाऊक आहे. इथे लिहिणार नाही.

ख.ने सगळ्यांदेखत माझ्यासमोर गुडघे टेकले. चाल ती चाल. वर मान करून बघितलं मात्र असं की…

८ डिसें.
जेटीवरून निरोप, काही दिवस येऊ नकोस. मावशी आली नाही. फोनही नाही. आबांची राख अजून माझ्या नखांत आहे.

१० डिसें.
दुपारी, भांडी घासत होते. आधी वाटलं खाली कुठेतरी जत्रा आहे. मग पश्चिमेकडून येतंय हे कळलं. पाण्यावरून. ढोल.

आमच्या म्हाताऱ्या एक एक करून घराबाहेर आल्या, समुद्राकडे तोंड करून उभ्या राहिल्या. झुराआजी सगळ्यात वयस्क, गलबतातून आलेली. तिला विचारलं काय म्हणतायत.
"विचारतायत, जमीन आपली झाली काय."
"उत्तर नाही दिलं तर?"
"तर समजायचं आपलं कोणी उरलं नाही. मग सूड. किनारा जाळत येतील."
"आणि आपली झाली म्हटलं तर?"
"मग उतरतील. हक्काने."
"नाही झाली, परत जा, हे कसं वाजवायचं?"
तसा ठोका नाहीच, आजी म्हणाली. ग्राखांना कधी लागला नाही.

ढोल थांबला नाही. सूर्य बुडेपर्यंत वाजत होता.

११ डिसें.
उजाडलं. आज एकही बोट गेलेली नाही. सड्याच्या टोकावरून बघून आले. लांब, धुरकटात, काळे ठिपके आहेत. हलत नाहीत. वाट बघतायत.

ख.ने ढोल आणून माझ्या दारात ठेवला, टिपरू माझ्या हातात दिलं. थट्टा नव्हती त्यात.
"काय वाजवणार?"
"वारेला गेल्यावर बघू."
"ताई, चुकीचं वाजलं तर?"
लहानपणानंतर पहिल्यांदा ताई म्हणाला. झुराआजीला बरोबर घेतेय. बायका येतायत. पोरांना मागेच ठेवायचं म्हटलं, ऐकतील असं वाटत नाही.

बाहेर चपला वाजल्या. मावशी. सडा चढून एकटी आलीय, धाप लागलीय. पहिल्यांदाच आली माझ्या घरी. आत ये म्हटलं, तर उंबऱ्याच्या आत येऊन उभी राहिली.
"त्यांना परत घालवशील काय गो?"
"माहीत नाही, मावशी."
"मी पण येतंय तुझ्याबरोबर. तुझ्या बाजूलाच उभी राह्यन."

मी हे घाईघाईत लिहितेय आणि ती दारात थांबलीय. पदराआड तिच्या हातात कोयती आहे. कोणासाठी, ते मी विचारलेलं नाही.