पंधरा दिवस बघू

खापरखेडा,
रविवार, १८ जानेवारी २०२६

प्रिय नंदिनीताई,
सप्रेम जयभीम.

"माझ्या आईच्या गोळ्या तू बंद केल्यास का?" असं परवा तू वॉर्डच्या दारात विचारलंस. ताई, याचं उत्तर मला देता येत नाही. 'हो' म्हणावं, तर तसं मी कधी बोलले नाही. 'नाही' म्हणायला जीभ उचलत नाही. तू माझ्याशी बोलत नाहीस, म्हणून हे पत्र माझ्या आईने तुमच्यासाठी भरलेल्या डब्याच्या पिशवीत ठेवते आहे.

इकडे माझ्या आईची तब्येत ठीक. बाबांचं पुढे लिहिते.

दसऱ्याला दीक्षाभूमीवर आलेले पाहुणे आपल्याकडे उतरले होते, तेव्हा तू नव्हतीस. मी काम करते त्या प्रयोगशाळेत मधुमेह झालेल्या उंदरांना गुडमारच्या पानांचा अर्क देतात. जेवणं झाल्यावर मी सगळ्यांना त्याचं एकेक पान चावायला दिलं आणि वर चिमूटभर साखर. निव्वळ गंमत. या पानाने थोडा वेळ जिभेला गोड कळत नाही, इतकंच. पण शेजारचे मधुकरराव ओरडले, "अबे, वाळू लागून राहिली ना! तोंडातच साखर मरते, तं रक्तात काय टिकन?"

सगळे हसले. बाबा म्हणाले, "आमच्या पोरीनं शोधून काढलं."

मी काहीच शोधलं नव्हतं. पण घरातली पहिली पदवी माझी, आणि बाबांचा तसा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. मी दुरुस्ती केली नाही.

मग बाबा रामटेककडून पाला आणून वाटू लागले. सकाळी दारात माणसं. "डॉक्टरीणबाई हाय का?" मी मागच्या दाराने कामाला जायचे. संध्याकाळी परतताना रस्त्यात कोणी हात जोडले, की वाटायचं, जमीन दुभंगली तर बरं.

तुझ्या आईने, सिंधूआत्याने मात्र सरळ विचारलं होतं, "उत्तरा, आता गोळ्या काहून खाऊ वं?"

मी म्हणाले, "पंधरा दिवस बघू." दुसऱ्या दिवसापासून तिने गोळ्या सोडल्या.

साखर मोजायला रोज सकाळी मी तिच्या बोटाला सुई टोचायचे. पहिल्या आठवड्यात आकडा उतरला. तिने भातही सोडला होता, हे मी वहीत लिहिलं नाही. किती आनंद झाला मला! वाटलं, उंदरांत दिसलं ते माझ्या आत्यात दिसतंय. आपल्या लोकांना जंगलातलं औषध मिळेल. पाचव्या आठवड्यात आकडा तीनशेच्या वर गेला. तपासणीच्या पट्ट्या खराब असतील म्हणून नव्या आणल्या. तेच आलं. मग मी मोजणंच थांबवलं.

डिसेंबरात तिने पायाची जखम दाखवली. मी हळद लाव म्हणाले. खरं बोलले, तर बाबांचं काय, पाला घेणाऱ्या नऊ घरांचं काय, याच विचारात आत्याच्या पायाची दोन बोटं गेली.

आज विहारात वंदना झाल्यावर मी उभी राहिले. म्हणाले, "पाल्याच्या भरवशावर गोळ्या सोडू नका. ज्यांनी सोडल्या, त्यांनी आजच डॉक्टरांकडे जा. माझ्यामुळे आत्याची बोटं गेली." मधुकररावांची बायको म्हणाली, "मंग इतके दिवस तोंडात काय धरून बसली होती वं?" बाबा उठून निघून गेले. दारात एवढंच म्हणाले, "घरात बोलता नसतं आलं?" तेव्हापासून अबोला आहे.

तिथून थेट दवाखान्यात आले. तू चहाला खाली गेली होतीस. आत्याला सगळं सांगितलं. न मोजलेले आठवडेही.

तिने विचारलं, "तुले माईत होतं?"

मी 'हो' म्हणाले. तिने चादर पायावर ओढून घेतली आणि भिंतीकडे तोंड केलं. मी निघाले.

तुझी म्हणवून घ्यायचा हक्क उरला नाही, पण दुसरं काय लिहू,
उत्तरा