करवतीच्या मुठीवरचे आजोबा

शेफील्ड, गुरुवार

तीर्थस्वरूप हॉरेसदादांस धाकट्या क्लेमचा नमस्कार. तुमचा गुडघा आणि वहिनींचा खोकला दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. माझी प्रकृती उत्तम आहे. अब्रूचं विचाराल तर सविस्तर लिहितो.

आजोबांच्या हत्यारांची वाटणी करताना रंधे, पटाश्या आणि गिरमिट तुम्ही मोठ्या मनाने स्वतःकडे ठेवलेत आणि मला गंजकी करवत दिलीत. वर ज्ञानही फुकट दिलंत. "क्लेम, मुठीतला हा पितळी बिल्ला बघ, राजचिन्ह आहे! दोनशे वर्षं जुनी आहे ही. आणि मुठीवर 'जे. डंगवर्थ' ठोकलंय, म्हणजे आपल्याच घराण्याचा कारखाना!" (जेबेझ आजोबा जन्मभर छपरांची लाकडं कापत होते आणि कारखाने त्यांनी फक्त बाहेरून पाहिले होते, हे मला तेव्हा सुचलं नाही. तुमच्यासमोर मला काही सुचत नाहीच.)

आता, जुन्या हत्यारांच्या मंडळात मी का जातो हे तुम्हाला ठाऊक आहे. माझी मॉड देवाघरी गेल्यापासून घरी एकट्याने चहा पिववत नाही. मंडळाच्या अध्यक्षा मिस बेरिल स्टॅनिफर्थ यांनी एकदा तरी मला आपल्या घरी चहाला बोलवावं, एवढीच इच्छा. म्हणून मंगळवारी मी विजारीला इस्त्री केली, करवतीच्या मुठीला मेण लावलं आणि सगळ्यांसमोर उभं राहून थोर डंगवर्थ कारखान्यावर भाषण ठोकलं. राजवाड्यातले दरवाजेही आपल्याच करवतींनी कापले असावेत, असं मी म्हणालो. (हे माझं स्वतःचं. तुमच्या संशोधनात तेवढीच भर.)

"झालं का रे राजा? आता बस खाली," बेरिलबाई म्हणाल्या. "हा बिल्ला म्हणजे 'माल उत्तम, आमची हमी' असं लिहिलेलं बटण आहे. गावातले सगळे करवतवाले हीच बटणं विकत आणायचे. यावरून कारखाना ओळखायचा म्हणजे शर्टाच्या बटणावरून नवरा ओळखायचा!" मग त्यांनी पात्यावर रॉकेल ओतलं, लाकडाच्या ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून हलक्या हाताने घासलं, आणि गंजाखालून ॲसिडने कोरलेली पुसट अक्षरं वर आली. कारखाना दुसऱ्याच कुणाचा, आणि आपल्याच मागच्या गल्लीतला निघाला. दोनशे वर्षांपूर्वी पात्यावर नाव ठोकायचे, ॲसिडने कोरायला लागले ते फार नंतर. तेव्हा करवत फार तर आजोबांच्या लग्नाच्या वेळची.

"आणि मुठीवरचं नाव मालकाचं असतं रे. कामावर दुसऱ्याने पळवू नये म्हणून सुतार आपलं नाव ठोकून ठेवतो." एवढं बोलून त्यांनी चष्मा लावला आणि मूठ डोळ्यांजवळ नेली. 'जे. डंगवर्थ'च्या खाली, खरवडलेलं पण वाचता येणारं आणखी एक नाव होतं. बी. स्टॅनिफर्थ. म्हणजे त्यांचे आजोबा. त्यांची करवत चर्चच्या छपराच्या कामावरून नाहीशी झाली होती, आणि त्यांच्या घरी अजूनही नाताळचं भाजलेलं बदक कापण्यापूर्वी त्या चोराला शिव्या देतात म्हणे. सगळ्या सभासदांनी तोंडातले पाइप काढून माझ्याकडे पाहिलं. दादा, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई करवत काखेत मारून निघून गेल्या.

असा, तुमच्या विद्वत्तेमुळे घराण्याचं नाव गावभर झालेला,
क्लेम

ता. क. : काल माफी मागायला त्यांच्या दारात गेलो. त्यांनी आत बोलावलं. चहा दिला, आल्याचा केक दिला, दुसरा कप न विचारता ओतला. निघताना म्हणाल्या, "तुझ्या त्या आजोबांनी आणखी काही ढापलेलं सापडलं तर घेऊन ये हो."

दुसरा ता. क. : तेव्हा तुमच्याकडची आजोबांच्या हत्यारांची पेटी ताबडतोब हवी आहे. मात्र सगळं एकदम पाठवू नका. आठवड्याला एकच हत्यार, आणि लहानांपासून सुरुवात.

तिसरा ता. क. : एखाद्यावर खाली स्टॅनिफर्थांचं नाव नसेल तर अडून बसू नका. तुम्ही फक्त आजोबांच्या नावाखाली थोडं खरवडून पाठवा. नाव ठोकायचे अक्षरांचे ठसे मी आजच विकत आणले आहेत.