कडूबा जालन्याला गेला

९ जानेवारी १९८४
कोंबड्याची बातमी गाजली! चिकलठाण्याच्या कारखान्याचा भोंगा झाला की तिथल्या वसाहतीतला एक कोंबडा हुबेहूब तसाच आरवतो. परवा पठ्ठ्या तासभर आधीच आरवला आणि अर्धी वसाहत डबे घेऊन गेटवर हजर! फळ्यापुढं माणसं पोट धरून हसत होती.

रिटायर झाल्यापासून एवढंच काम उरलंय. फारूखच्या सायकल दुकानाबाहेर फळा आहे. सकाळी सातला ओल्या फडक्यानं पुसायचा आणि एक बारकी, चांगली बातमी लिहायची. मोठ्या बातम्यांना पेपर आहेच. नियम एकच — बातमी खरी पाहिजे.

कडूबा रोजच्यासारखा आला. "काय लिवलंय मास्तर? चष्मा घरी राह्यला." वाचून दाखवली. वीस वर्षांची दोस्ती, आणि वीस वर्षं याचा चष्मा घरीच! मग एका कपातला चहा, दोन बशा.

१३ जानेवारी
बातमी नाही. बळंच एक लिहिली — तळ्यावर बगळे आले. कोणी थांबून वाचली नाही.

१७ जानेवारी
आज कडूबानं चहावर जे सांगितलं त्याला तोड नाही. लेक पैठणला बाळंत झाली, म्हणून डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन निघाला आणि बसला जालन्याच्या गाडीत! स्टँडवर काम चालू, फलाट बदललेले. हा आपला नेहमीच्या चौथ्या फलाटावर. कंडक्टर मागं येईपर्यंत चिकलठाणा गेलं. "मंग म्हनलं, आता बसलोच हाय तर जालन्याचंच द्या तिकीट." कोणाला विचारलं नाही, उतरला नाही, उगाच जालन्याला जाऊन आला! गाडीत शेजारी एक ओली बाळंतीण होती. लाडू तिला देऊन टाकले.

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी. तोही हसला. उद्याची बातमी ठरली.

१८ जानेवारी
काय करून बसलो.

मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं — "हर्सूलचे कडूबा निघाले पैठणला, पोचले जालन्याला! लेकीचे लाडू परक्या लेकीला." सात-आठ जण हसत होते. तेवढ्यात कडूबा आला. मी गमतीनं गप्प राहिलो, म्हटलं बघू काय म्हणतोय. त्यानं फळ्याकडं पाहिलं, लोकांकडं पाहिलं आणि तोही हसायला लागला. "झकास लिवलंय मास्तर! कोन म्हनायचा हा बहाद्दर?"

मग कोणीतरी म्हणालं, "आवं, तुमीच की!"

तो फळ्याकडं बघत राहिला. मग टोपी सारखी केली आणि गेला. चहा न घेता.

१९ जानेवारी
घरी बायकोला, साळूबाईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "अहो, त्यांना वाचता येत नाही. गल्लीतल्या सगळ्या बायकांना ठाऊक आहे."

चौतीस वर्षं मुलांना वाचायला शिकवलं मी! ज्याच्यासोबत रोज चहा प्यायलो त्याचा चष्मा कधी डोळ्यांनी पाहिला नाही, आणि कधी शंकाही आली नाही. खरं सांगायचं तर स्वतःचा आवाज ऐकायला आवडतो मला. तो 'वाच' म्हणायचा, मी खूश!

माझं स्वतःचं शिक्षण निजामाच्या राज्यात, उर्दूत झालेलं. पोलीस ॲक्शननंतर तेविसाव्या वर्षी मराठी कारभाराचे कागद आले तेव्हा आपल्याच भाषेतला अर्ज अडखळत वाचत होतो आणि हेडमास्तरसमोर खोकल्याचं सोंग करत होतो. मला तर कळायला हवं होतं.

२१ जानेवारी
फळ्यावर माफी लिहिली. "कडूबांची थट्टा केली. चूक माझी. रामकिसन मास्तर." मन हलकं झालं.

२१, दुपारी
कसलं हलकं! साळूबाई म्हणते, "माफीसुद्धा फळ्यावरच? त्यांना ती वाचून कोण दाखवणार, तुम्हीच?"

धावत जाऊन पुसली. गाढवपणाला काही सीमा!

२४ जानेवारी
कडूबाच्या घरी गेलो. "या गुरुजी, बसा." गुरुजी! वीस वर्षं मास्तर होतो, आज गुरुजी झालो. सरूवहिनींनी मला वेगळा कप दिला. माफी मागितली, तोंडानं. तो खाली बघत म्हणाला, "फळ्यावरचं खोटं नव्हतं गुरुजी. लोकं हसली, त्याचं काय नाय. मी बी हसलो ना त्यांच्यात — ते लई लागलं."

मी म्हटलं, उद्यापासून मी शिकवतो. "नगं," म्हणाला. एवढंच.

१० फेब्रुवारी
कडूबा दुकानाकडं फिरकत नाही. मी असतो तोवर तरी नाही. फळा बंद करायचं ठरवलं. फारूखला सांगितलं तर पंक्चर सोडून उठला. "नक्को मास्तरसाब! लिखो. थोडे बडे अक्षरां निकालो. और कल सुबू तक पोंछना नक्को."

मी कशाला पुसतोय? दुपारी झोपतो, संध्याकाळी पायात गोळे येतात. पण याला मोठी अक्षरं कशाला हवीत? डोळे तर घारीसारखे आहेत.

११ फेब्रुवारी
मोठी अक्षरं काढली. दोन ओळींत फळा भरला.

२ मार्च
खडू भराभर संपतायत. फारूख म्हणतो त्याची बकरी खाते. बकरीसमोर धरून बघितला — हुंगलासुद्धा नाही. फारूख म्हणे, "आपके सामने शरमाती." बातमी लिहून टाकली: 'फारूखभाई म्हणतात, आमची बकरी खडू खाते!' लोकांना आवडली. फारूख दिवसभर मिशीत हसत होता.

१९ मार्च
पोस्टमनला सलाम. पैठणहून एक पाकीट आलं, पत्ता फक्त — "नजमाची आई, लिंबाच्या झाडाचं घर, हर्सूल." तीन दारं फिरून बरोबर पोचवलं. लिहिलं. लिहिताना वाटलं, कडूबा असता तर म्हणाला असता, परत वाचा मास्तर, लिंबाचं पासून.

आठवण येते. उगाच कशाला लपवायचं या वहीपासून.

२ एप्रिल
कडूबा लांबून दिसला. हात वर केला. त्यानंही केला, मग गल्लीत वळला. साळूबाईला सांगितलं तर म्हणाली, "धीर धरा." हिला काहीतरी माहीत आहे. सांगत नाही.

२९ एप्रिल
हे फक्त इथंच. फळ्यावर मुळीच नाही!

चिकलठाण्याला बद्रीनाथच्या पोराचं लग्न. साळूबाईचे गुडघे दुखतात म्हणून एकटाच गेलो. मांडव दिसला, शिरलो. अक्षता टाकल्या. पंगतीला बसलो, बुंदी दोनदा घेतली. स्टेजवर जाऊन नवरदेवाला स्टीलचा डबा दिला आणि म्हटलं, "बापावर गेलायस अगदी!" शेजारी उभा असलेला बाप म्हणाला, "आपण कोण?"

बद्रीनाथचा मांडव पलीकडच्या गल्लीत! डबा परत कसा मागणार? आणि कमानीवर नवरा-नवरीची नावं हातभर मोठ्या अक्षरांत लिहिली होती. मी वाचलीच नाहीत. शिकलेला माणूस!

बद्रीनाथकडं रिकाम्या हातानं गेलो आणि परत जेवलो. साळूबाईला सांगितलं, कोणाला सांगू नको अशी शपथ घातली. ती पदरानं तोंड दाबून स्वयंपाकघरात पळाली.

३ मे
साळूबाई दुपारभर सरूवहिनींकडं. कुरडयांचं निमित्त. परत आली ती हसतच.

६ मे
सातला फडकं ओलं करून गेलो तर फळा आधीच कोणीतरी पुसलेला आणि लिहिलेला. वाकडी-तिकडी अक्षरं, ओळ उतरत खाली गेलेली.

"मास्तर दुसऱ्याच्याच लग्नात जेवले. डबा बी देऊन आले. कमानीवर नाव होतं. — कडूबा."

फारूख पंपाशी उभा, बोटं पांढरी. बकरीचा खडू कुठं जात होता आणि मोठी अक्षरं कोणाला गिरवायला हवी होती ते कळलं. मी वाचत राहिलो, अक्षरं पाण्यात पोहायला लागली.

मागून आवाज आला, "काय मास्तर, चष्मा घरी राह्यला का? वाचून दावू?"

म्हटलं, दाव.