ठिपक्यांचा मासा आणि राखी बगळा

पौड, ता. मुळशी
८ फेब्रुवारी १९८१

प्रिय युनूसभाईस,

आबेदाचा सलाम. इकडे सगळं ठीक, अम्मीचा गुडघा तेवढा कुरकुरतोय. तिकडे बंदरावर तुझी तब्येत उत्तमच असणार. एका माशावर तीन पानं लिहायची म्हणजे अंगात चांगलीच ताकद हवी.

ठिपक्यांचा मासा, वाळूत अंग पुरून नुसते डोळे बाहेर ठेवतो, पाय पडला की विजेचा झटका देतो. वर विचारतोस, आपल्याकडे असं काही आहे का? आहे. नदीवर धुणं धुताना समोर राखी बगळा असतो. तोही तसाच न हलता टपून असतो. पण तो उघड्यावर उभा राहतो, सगळ्या गावाला दिसतो. चोच कोणी मारली हे विचारावं लागत नाही. तुझा मासा मला अजिबात आवडला नाही. त्याच्यात मला तूच दिसलास.

मी काय विचारलं होतं? मला मुठा गावच्या गिरणीवाल्यांचं स्थळ आलंय, माझं डी.एड.चं एक वर्ष राहिलंय, अब्बांना थांबायला सांग. बस. त्यावर तुझा एक शब्द नाही. माझा नुसता संताप झाला.

तुझं पत्र घरात मीच मोठ्यानं वाचते, ठाऊक आहे तुला. अब्बा दुकान बंद करून समोर बसले. मी मासा वाचला, ठिपके वाचले, शेपटी वाचली.

"त्ये ऱ्हाऊ दे," अब्बा म्हणाले. "स्थळाचं काय म्हनतोय? काईच न्हाई? म्हंजे त्याची ना न्हाई. उद्याच सुपारी फोडू."

मग मी पान उलटलं. मागची बाजू कोरी होती. तिथूनच पुढे वाचलं, 'आबेदाचं शिक्षण पुरं होऊ द्या. तोवर सुपारी फोडायची नाही. हे माझं ठाम मत आहे.'

अब्बा म्हणाले, "पोरगं धीट झालं." दुसऱ्या दिवशी त्यांनी मुठ्याला थांबायचा निरोप धाडला. अम्मीनं तुझ्या नावानं शिरा केला. मी माझी वाटी तशीच झाकून ठेवली.

महिनाअखेर अब्बा एस.टी.नं तुझ्याकडे येतायत. त्यांना तुझ्या तोंडून ऐकायचंय. तू गप्प राहिलास तर माझं कॉलेज त्याच दिवशी संपलं. मला भीती वाटते, भाई, आणि तुझा रागही येतो.

त्यांनी विचारलं की एवढंच म्हण, "व्हय, मीच लिवलंय."

तुझ्या तोंडचं वाक्य तुझ्याआधी बोलून बसलेली,
तुझी बहीण
आबेदा