चौदाव्या डावाचं वजा

१२ ऑगस्ट, मंगळवार
अमेरिकन फुटबॉलचा सराव ऐन भरात, आणि माझा गुडघा पुन्हा सुजला. कोच लुंडक्विस्ट म्हणाले, "प्रेविट, नुसता बसू नकोस. बचावफळीत या वर्षी तीन नवी पोरं निवडलीत. सरावाची चित्रफीत बघ, त्यांना दर डावाला, प्रत्येक चालीला, अधिक किंवा वजा दे."
त्यातला टॉलिव्हर माझ्याच जागेवर खेळतो! मागे राखण करणारे आम्ही पाच, महिनाअखेर संघात ठेवणार चार. तिघांचं पक्कं आहे. उरलो मी नाहीतर तो. आणि त्याला गुण मीच द्यायचे!

१४ ऑगस्ट
बाकीचे दोघे नवे, केसलर आणि एम्बाक्वे, पुढे खेळतात. त्यांना सढळ हाताने दिले, माझं काय जातंय? मग टॉलिव्हर. मिसिसिपीचा, बावीस वर्षांचा, नव्या खेळाडूंच्या निवडीत अगदी शेवटच्या फेरीत घेतलेला. नऊ वर्षांपूर्वी मीही तसाच आलो होतो. चेंडू हातातून सुटायच्या आत त्याला कळतं कुठे जाणार. मला ते यायला सहा वर्षं लागली. जळलो, खरंच जळलो. एक वजा दिलं, उशिरा वळला म्हणून. वळला नव्हता उशिरा.

१७ ऑगस्ट
नव्यांनी जुन्यांचे खांद्याचे पॅड उचलून न्यायचे, ही इथली रीत. बाकीचे कुरकुरतात. टॉलिव्हर धावत येतो — "द्या इकडे, सर." सर! पोरं खिदळली, "प्रेविट, नातू गुणी निघाला हं!"

१९ ऑगस्ट
जेवायला कोच टॉलिव्हरच्या शेजारी बसले. माझ्या शेजारी कधी बसले होते?

२३ ऑगस्ट, शनिवार
गुडघा बांधून सामना खेळलो; कोचनी मला आणि टॉलिव्हरला एकदमच उतरवलं. खुणा करायचं काम माझं — उघडा पंजा म्हणजे मागे थांबा, मूठ म्हणजे पुढे घुसा. चौदाव्या डावाला पंजा दाखवायचा होता, मूठ दाखवली. टॉलिव्हर पुढे घुसला. मागे सगळं रिकामं. समोरच्यांचं टचडाउन, सहा गुण!
कोच ओरडले, "कोणाचं चुकलं?" टॉलिव्हरने माझ्याकडे बघितलं. मी बुटाची नाडी बांधत बसलो. तो म्हणाला, "माझं असेल, सर."

२४ ऑगस्ट
बाजूच्या कॅमेऱ्याची चित्रफीत आली. त्यात माझी पाठ दिसते, हात नाही. चौदावा डाव — टॉलिव्हर, वजा. शेरा लिहिला, "खूण पाळली नाही." कागद लगेच देऊन टाकला, उगाच विचार बदलायला नको.
बायकोला, कोरीनला, फोनवर सांगितलं, पोरगं कच्चं आहे. ती म्हणाली, "मग तुझा आवाज असा का?"

२५ ऑगस्ट
गोलखांबांमागच्या कॅमेऱ्याची चित्रफीत आज आली. एका बाजूने बघून गुण देऊ नयेत, हे मीच दरवर्षी नव्या पोरांना शिकवतो! कोचनी चौदावा डाव लावून थांबवला. पडद्यावर छातीशी माझी मूठ. शेजारी माझा कागद ठेवला.
"चूक सगळेच करतात रे," एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

२६ ऑगस्ट
सकाळी दारावर थाप, कोचचा मदतनीस. "कोचनी बोलावलंय. डावांची वही घेऊन या." वही मागितली की संघातून नाव गेलं, संपलं. देऊन आलो.
बाहेर टॉलिव्हर उभा. न विचारता माझी बॅग उचलली, गाडीपर्यंत आणली.
"सर, एक विचारू? शनिवारी मूठच होती ना?"
"हो."
त्याने मोठा श्वास सोडला. "बरं झालं! तीन दिवस वाटत होतं, डोळे तपासून घ्यावेत."