डॉक्टर मुंथालींची बोटं

३ मार्च

आले एकदाची बेटावर. जहाजाच्या होडीतून धक्क्यावर उतरताना माझी एक चप्पल सरोवरात गेली आणि धक्क्यावरच्या बायका पोट धरधरून हसल्या. एकीनं लगेच स्वतःची काढून दिली. ब्लँटायरच्या मोठ्या इस्पितळात इतकी वर्षं शस्त्रक्रिया शिकले, पण असा पाहुणचार तिथं कुणी केला नव्हता. दवाखान्याच्या आवारातली खोली छान आहे. खिडकीतून गोरखचिंच दिसते आणि तिच्याखाली वाळत घातलेली मासळी.

न्यायला डॉक्टर मुंथाली स्वतः आले होते. साठीचे, सडपातळ, हळू बोलणारे. जठरातल्या दुर्मिळ गाठी काढण्यात त्यांच्यासारखा हात देशात दुसरा नाही असं सगळे म्हणतात. म्हणून तर मी इथली नेमणूक मागून घेतली. माझी बॅग उचलत म्हणाले, "वेझी, आमच्याकडे आधी जेवण, मग काम." न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि तळलेला चांबो मासा. मी दोनदा वाढून घेतलं.

७ मार्च

शाळेतल्या फनेसीबाईंची शस्त्रक्रिया झाली. त्यांना शौचाला काळं होत होतं, रक्त पार उतरलं होतं. इथलं सोनोग्राफीचं यंत्र बंदच असतं. डॉक्टरांनी नुसत्या बोटांनी पोट चाचपलं आणि गाठ कुठं आहे ते सांगितलं. उघडलं तर तिथंच होती. जठराच्या भिंतीतून बाहेर डोकावणारी, फिकट, गुळगुळीत, मोठ्या लिंबाएवढी. अशी गाठ फुटू न देता, भोवतीच्या थोड्या निरोगी भिंतीसकट काढावी लागते. त्यांनी ती इतक्या हळुवार काढली की मी श्वास घ्यायचं विसरले. वरची बाजू कळावी म्हणून मी तिला निळ्या दोऱ्याचा टाका घातला, एक टोक लांब ठेवून. ही माझी सवय आहे.

सिस्टर एस्नाती म्हणाली, डॉक्टरांची बोटं देवानं वेगळी घडवलीत. मला पटलं.

१५ मार्च

योतामू नावाचा कोळी पाठीत उसण भरली म्हणून आला होता. डॉक्टरांनी जाता जाता त्याच्या पोटावर हात ठेवला, बोटं जरा थांबवली आणि म्हणाले, गाठ आहे.

आज उघडलं. जठर माझ्या हातात होतं. गुलाबी, मऊ, स्वच्छ. मी पुढून मागून बोटं फिरवली. काही नव्हतं. तसं सांगितलं. मान वर न करता ते म्हणाले, "नीट बघ. ही काय इथं." भूल देणारे बांदा म्हणाले, हो की, दिसतेय. एस्नातीनं मान हलवली. डॉक्टरांनी निरोगी जठराचा तुकडा कापून काढला, आणि चिमटा मी धरला होता.

मग त्यांनी बाहेर नेऊन योतामूच्या बायकोला, मालियाला, थाळीतली गाठ दाखवली. ती गुडघ्यांवर बसून रडली. गाठीला फनेसीबाईंच्या वेळचा माझा निळा दोरा होता. एक टोक लांब.

१६ मार्च

एस्नातीला गाठलं. ती आधी चिडली, मग खाली बसली. म्हणाली, डॉक्टरांची बायको पोट दुखतं म्हणायची आणि हे तिला पित्ताचं औषध द्यायचे. गाठ निघाली तेव्हा वेळ गेली होती. तेव्हापासून ते कुणालाच सुटू देत नाहीत.

योतामूला ताप आहे.

१९ मार्च

पोट लाकडासारखं कडक. टाके गळताहेत, आताच्या आता उघडा म्हणून मी हाता-पाया पडले. डॉक्टर म्हणाले, गाठ पसरली आहे, त्याला शांतपणे जाऊ दे.

दुपारी गेला. मालियानं माझे दोन्ही हात धरले. "तुम्ही सगळ्यांनी जमेल तेवढं केलंत, बाई."

२० मार्च

टेकडीवर जाऊन जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांना फोन केला. ते हसले. म्हणाले, ताई, माझी सासू त्यांच्याच हातून वाचलीय, तुम्ही जरा झोप काढा. जहाज दुरुस्तीला गेलंय, कधी येईल कुणालाच माहीत नाही.

जेवताना डॉक्टरांना सगळं कळलेलं होतं. रागावले नाहीत. फक्त माझ्या ताटाकडे बघत राहिले.

२२ मार्च

घास उतरत नाही. सकाळी उलटी झाली. एस्नातीनं पाहिलं — तिनंच सांगितलं असणार.

ते खोलीत आले. मी नको म्हणत होते. बांदांनी खांदे धरले, अगदी मायेनं. पोटावर ती बोटं. फिरली, फिरली — आणि थांबली.

डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. "लवकर सापडली, पोरी."

२३ मार्च

दाराला बाहेरून कडी. वऱ्हांड्यात बायका माझ्यासाठी प्रार्थना म्हणताहेत. मालियाही आहे. खिडकीतून ओरडून सांगितलं — नवऱ्याचं, दोऱ्याचं, सगळं. ती म्हणाली, घाबरू नका बाई, भीतीनं माणूस असं बोलतं.

स्वतः चाचपून पाहिलं. काही नाही. काही नाही.

२४ मार्च

सकाळ. हाताला सलाइन. एस्नातीला म्हटलं, तुला माहीत आहे, तू पाहिलंस. ती म्हणाली, "फनेसीबाईंची तर खरी होती ना? मग तुमची नसेल कशावरून?"

मी पांघरूण बाजूला केलं.

परत चाचपलं. डावीकडे, बरगडीखाली — भीतीनं आखडलेला स्नायू असेल. मला फरक कळतो. कळायचा —

बांदांनी सुई टोचली. म्हणाले, लिहू दे तिला. अक्षर सरकतंय —

पलीकडे हात धुताहेत. नको म्हणायचंय. अजून म्हणता येईल. पण खरंच असली तर — मीच नको म्हटलं आणि —

दार उघडलं. पुन्हा एकदा बघते. इथं. इथंच काहीतरी