हुपरीच्या करवतीनं कापलेला पत्रा

१९ एप्रिल २००३, संध्याकाळचे सात चाळीस. कॉम्प्युटरच्या दुकानात माझ्या कॅबिनेटचा पत्रा कानशीनं घासत बसलोय.

मालकांनी आज माझ्यासोबत काम करणाऱ्या प्रकाशच्या कॅबिनेटला पंख्यासाठी पाडलेल्या भोकावरून बोट फिरवलं. म्हणाले, "पैंजणागत गुळगुळीत हाय की रं." माझ्या भोकावरून फिरवलं नाही. नेट कॅफेच्या सहा मशिनी कुणी बांधायच्या, ते तिथंच ठरलं का?

प्रकाश हुपरीचा, घरात चांदीच्या पैंजणांचं काम. कॅबिनेट मांडीवर घेऊन एस.टी.नं घरी गेला आणि चांदी कापायच्या करवतीनं पत्रा कापून आणला. आतल्या वायरी त्याच्या आईनं बांधल्या, सगळ्या गाठी एकसारख्या. माझी आई विचारते, "चांगल्या डब्याला भोक कशाला पाडतोयस?"

माझं मशीन त्याच्यापेक्षा तीन अंश थंड चालतं. दोनदा तपासलं. पण ते बोटाला कुठं कळतं?

जाताना त्यानं ती करवत माझ्या टेबलावर ठेवली. "घे की, सोमवारी दे." असं कसं देतो हा? माझी जरासुद्धा भीती वाटत नाही त्याला?

आत्ता परत बोट फिरवलं. खरखरीतच.

खर्च: पंखा ऐंशी रुपये, कानस तीस. देणं: प्रकाशची करवत. अजून हात लावलेला नाही.